छान लागतंय, डॉक्टर

ॲसिडनं माझा चेहरा भाजला आणि आता त्याच ॲसिडनं तो सुधारतोय. हे वाक्य मीच लिहिलंय, तरी वाचताना दर वेळी काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. पण चूक नाही. बाटली तीच, औषध तेच, आणि चेहरा तर तोच, दुसरा आणणार कुठून?

घरातल्या आरशापाशी अशी एखादी छोटी बाटली ठेवणाऱ्या बायकांसाठी आणि हल्ली मुलांसाठीही हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. सातपूरच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. नाव नंदा, वय चाळिशीच्या पुढे, स्वभाव तापट, असं घरचे म्हणतात. या सगळ्यातलं मला अजूनही नीट कळलेलं नाही असं बरंच आहे आणि जे कळलेलं नाही ते कळल्याचा आव मी आणणार नाही.

वांग

दोन्ही गालांवर तपकिरी डाग आले. आधी वाटलं, चष्म्याचे असतील. मग लक्षात आलं, आपण चष्मा लावतच नाही. ते हळूहळू पसरले, नाकावर आले, वरच्या ओठावर तर मिशीसारखी सावली पडली. कंपनीत जो तो विचारायला लागला, "ताई, बरं नाही का?" बरी होते हो मी. चांगली दोन माणसांचं काम करत होते.

उपाय सांगायला मात्र कुणी मागे राहिलं नाही. एकीनं लिंबू सांगितलं, एकीनं बटाटा, एकीनं आंबट द्राक्षांचा रस. शेवटी माझी मुलगी ऋतुजा वैतागली. ती कॉलेजला आहे आणि चेहऱ्याच्या बाबतीत तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं, निदान तिचं तरी तसं मत आहे. ती म्हणाली, "मम्मी, तू काय कोशिंबीर आहेस का? स्किनच्या डॉक्टरकडे जा."

द्वारका चौकाजवळ एक डॉक्टर मॅडम आहेत, त्यांच्याकडे गेलो. सोबत आमचे हे होते. मॅडमनी भिंगातून गाल बघितला आणि म्हणाल्या, "वांग आहे. धोक्याचं काही नाही, पण चिवट असतं. उन्हावर पोसतं." सकाळी लावायला उन्हाचं क्रीम दिलं आणि रात्रीसाठी एक लोशन. "यात सौम्य ॲसिड आहे. वरची मेलेली त्वचा हलकेच निघून जाते. आठवड्यातून दोन रात्री, अगदी पातळ थर."

"कसलं ॲसिड?" मी विचारलं.

"लॅक्टिक. दह्यात असतं ना, ते. घाबरू नका."

मी घाबरले नव्हते. शेजारच्या खुर्चीवरून हे मात्र उठून उभेच राहिले.

आमच्या ह्यांबद्दल सांगायला हवं. हे सातपूरमध्येच एका प्लेटिंगच्या वर्कशॉपमध्ये आहेत. लोखंडाचे पार्ट ॲसिडच्या टाकीत बुडवायचे, गंज खाऊन टाकायचा, मग त्यांना चकाकी द्यायची, हे काम उमेदीची सगळी वर्षं करत आले. ह्यांच्या प्रत्येक शर्टाला बारीक बारीक भोकं आहेत. आमच्या घरात संडास धुवायचं ॲसिड फक्त हेच हाताळतात, मला आणि पोरीला हात लावायची परवानगी नाही. ॲसिड हा शब्द आमच्याकडे आवाज खाली आणूनच उच्चारायचा असतो.

"मॅडम, मी रोज ॲसिडात काम करतो," हे म्हणाले. "तोंडाला ॲसिड?"

मॅडम हसल्या. "अहो दादा, तुमचं ते वेगळं आणि हे वेगळं."

काय वेगळं, ते ना ह्यांना कळलं ना मला. परत येताना द्वारकेच्या सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा हे मागे न बघताच म्हणाले, "ॲसिड ते ॲसिड, नंदे. लय वाईट. फेकून दे ती बाटली." मागच्या सीटवर पर्समधली बाटली चाचपत मी बसले होते. शिकलेली डॉक्टर एक सांगतेय, आयुष्यभर ॲसिड हाताळलेला नवरा दुसरं सांगतोय, आणि दोघंही माझ्या भल्याचंच सांगतायत. अशा वेळी माणसानं कुणाचं ऐकायचं, मला आजही सांगता येणार नाही.

झोंबलं नाही तर औषध कसलं

सुरुवातीला सांगितलं तसंच लावलं. आठवड्यातून दोन रात्री, पातळ. काहीच झालं नाही. ना जळजळ ना फरक. माझा हिरमोड झाला.

म्हणजे बघा, लहानपणी गुडघा फुटला की आई वर जे लालजर्द औषध ओतायची, त्यानं जीव जायचा, आणि आई म्हणायची, झोंबतंय ना, म्हणजे लागू पडतंय. डोक्याला बाम लावला की डोळ्यांतून पाणी यायलाच हवं. आमच्याकडे औषधाची ही एकच परीक्षा. हे लोशन तर पाण्यासारखं गार. पैसे फुकट गेले असं मला वाटायला लागलं.

आणि दह्यातलंच ना? दही आपण रोज खातो. मग हे रोज लावायला काय हरकत आहे? झालं, रोज लावायला लागले. मग जरा जाड थर. मग ऋतुजाच्या कपाटात एक खरखरीत स्क्रब मिळाला, तो आधी चोळायचा आणि त्यावर लोशन, म्हणजे आत चांगलं मुरेल. उन्हाचं क्रीम मात्र बंद केलं, कारण ते लावलं की मी कणिक तिंबताना मध्येच उठून आल्यासारखी दिसायचे.

आणि मग एका रात्री झोंबलं. खरं सांगते, मला आनंद झाला. म्हटलं, चला, लागलं एकदाचं औषध!

नाकाच्या कडेनं साल निघायला लागली. मला वाटलं, जुनी निघाली की खालून नवी येणार. गाल लाल झाले, वाटलं, रक्त फिरतंय. तोंड धुताना साधं पाणीसुद्धा चुरचुरायचं. त्यातच चेहऱ्यावर एक ताणलेली चकाकी आली आणि पॅकिंगच्या बायका म्हणायला लागल्या, "ताई, काय ग्लो आलाय! काय लावता?" आता तुम्हीच सांगा, अशा वेळी कुणी थांबेल का? काही बिघडलंय हे मला कळायला हवं होतं, पण सगळी लक्षणं बरं होण्याचीच वाटत होती. वांग मात्र होतं तिथंच होतं, उलट जरा गडदच झालं होतं. त्याचंही उत्तर माझ्याकडे तयार होतं. आधी वाढतं, मग जातं.

मॅडमनी मध्ये एकदा फोन करायला सांगितलं होतं. मी जेवणाच्या सुट्टीत केला. मागे पट्टा चालू, खोके आपटतायत, कानात बोट घालून बोलत होते.

"कसं आहे? लागतंय का?" मॅडमनी विचारलं.

"हो हो! छान लागतंय, डॉक्टर!"

"अरे वा. मग असंच चालू ठेवा."

मी असंच चालू ठेवलं.

गच्चीवर

एका रविवारी आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर पापड घालायचे होते. रात्री नेहमीप्रमाणे स्क्रब, त्यावर लोशन. सकाळी शेजारच्या शबाना भाभी आणि मी, दोघी मिळून प्लास्टिकचे कागद पसरून पापड घालत बसलो. ऊन चढत गेलं. माझे गाल आधी गरम झाले, मग कुणी मिरची वाटून लावावी तसे पेटले. मी पदर तोंडाला लावला, तर तोही सहन होईना. भाभी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नंदाताई, तुमचे डोळे कुठे गेले?" चेहरा एवढा सुजला होता.

जिना कसा उतरले आठवत नाही. ह्यांनी दार उघडलं आणि ओरडले, "काय लावलं होतं?"

"ॲसिड," मी म्हणाले. दुसरा शब्द सुचलाच नाही.

पुढचं सगळं फार पटकन घडलं. वर्कशॉपमध्ये ॲसिड सांडलं की त्यावर सोडा मारायचा, हे ह्यांच्या हाडीमासी भिनलेलं. हे स्वयंपाकघरात धावले, खाण्याच्या सोड्याचा डबा घेतला, सोडा पाण्यात कालवला आणि दोन्ही हातांनी माझ्या तोंडाला थापला. मी किंचाळले. हे म्हणाले, "सहन कर, सहन कर, ॲसिड मरतंय." मी अजून जोरात किंचाळले, तसा ह्यांनी अजून थापला.

ऋतुजा अंघोळ करून बाहेर आली, तिनं बापाला बाजूला ढकललं आणि माझं डोकं नळाखाली धरलं. ॲसिड रात्रीच मुरून संपलं होतं, सकाळी चेहऱ्यावर उरली होती ती फक्त सोलवटलेली कातडी, आणि तिच्यावर हा सोडा. मॅडमनी हे नंतर समजावून सांगितलं. त्या क्षणी आम्हा तिघांपैकी कुणालाच काही माहीत नव्हतं. घाबरून तिघंही जिवाच्या आकांतानं आपापल्या परीनं मला वाचवत होतो.

कोणी टाकलं?

जवळच्या हॉस्पिटलात नेलं. तातडीच्या विभागात एका तरुण डॉक्टरनं विचारलं, काय झालं. हे म्हणाले, "चेहऱ्याला ॲसिड."

त्या दोन शब्दांनी खोलीतली हवाच बदलली. डॉक्टरनं आधी माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. भोकाभोकांचा शर्ट. कोपरापर्यंत पांढरे झालेले हात.

"काय काम करता?"

"प्लेटिंगमध्ये हाय. ॲसिडच्या टाकीवर."

"तुम्ही बाहेर थांबा."

"मी नवरा हाय तिचा."

"म्हणूनच सांगतोय. बाहेर थांबा."

मला काहीच उमगत नव्हतं. डोळे उघडत नव्हते, नुसते आवाज येत होते. सिस्टरनं पडदा ओढला, माझा हात हातात घेतला आणि अगदी मायेनं विचारलं, "ताई, आता तो इथं नाही. घाबरू नका. कोणी टाकलं?"

"कुणी नाही हो. मीच लावलं."

"सगळ्या असंच म्हणतात सुरुवातीला."

"अहो, रोज लावते मी!"

मी असं बोलले आणि माझं मलाच ते किती वेड्यासारखं वाटलं. खरं सांगत होते आणि ते खोट्यासारखं ऐकू येत होतं. मग एक पोलीस बाई आल्या, त्यांनीही तेच विचारलं. मी म्हटलं दह्यातलं असतं, त्या म्हणाल्या शांत व्हा. बाहेरून ह्यांचा आवाज येत होता, "मी कशाला टाकीन? बायको हाय माझी." तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. ओरडत नव्हते, विनवत होते.

सुटका केली ती ऋतुजानं. ती घरी जाऊन बाटली घेऊन आली आणि द्वारकेच्या मॅडमना फोन लावून तिनं थेट त्या डॉक्टरच्या कानाला लावला. थोड्या वेळानं पडद्याआडून कुणीतरी म्हणालं, "बरं, मिस्टरांना आत येऊ द्या." पण हे आत आले नाहीत. बाकड्यावर बसून राहिले.

वॉर्ड

सूज डोळ्यांवर उतरली होती आणि एका गालाला पू धरला होता, म्हणून मला ठेवून घेतलं. वॉर्डात आरसा नव्हता. सुरुवातीला त्याचा राग आला, नंतर बरंच वाटलं. सकाळी मावशी फरशी पुसायच्या, मग चहा, मग सिस्टर यायची आणि गार पाण्याच्या ओल्या पट्ट्या चेहऱ्यावर ठेवायची. खपली सुटताना जीव कासावीस व्हायचा.

"लागतंय का?" ती विचारायची.

"नाही."

"डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि नाही काय म्हणता?"

काय सांगणार होते तिला? लहानपणी पडलो की मोठी माणसं उचलून घ्यायची आणि म्हणायची, काही नाही लागलं, मुंगी मेली बघ. आम्ही रडणं विसरून ती मेलेली मुंगी शोधायचो. पुढे बाळंतपणात, मशीनमध्ये बोट सापडलं तेव्हा, कुणीही विचारलं की तोंडातून 'नाही' निघून जायचं. लागलं असं म्हणणं मला कधी जमलेलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम मला बघायला आल्या. खुर्ची ओढून बसल्या आणि पहिल्यापासून सगळं विचारून घेतलं. मी स्क्रबचं सांगितलं, रोजचं सांगितलं, जाड थराचं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "पण मी फोनवर विचारलं होतं ना, लागतंय का म्हणून? तुम्ही म्हणालात, छान लागतंय. मला वाटलं, औषध मानवलंय तुम्हाला."

"म्हणजे... मला तेच म्हणायचं होतं. झोंबत होतं. म्हणजे लागू पडत होतं."

त्यांनी दुखतंय का विचारलं होतं, मी गुण येतोय म्हणून सांगितलं होतं, आणि शब्द दोघींचा एकच होता. मॅडमनी कपाळाला हात लावला. "चूक माझीही आहे," त्या म्हणाल्या. "त्या 'छान'वर मी थांबायला हवं होतं."

मी विचारलं, "चेहरा पहिल्यासारखा होईल का?"

"बहुतेक होईल. पण आता घाई केलीत किंवा ऊन लागू दिलंत, तर काळे डाग कायमचे राहू शकतात."

बहुतेक! हा शब्द घेऊन मी घरी आले.

चेहरा जुळत नाही

घरी करायचं काय, तर काहीच नाही. हेच सगळ्यांत अवघड गेलं. साध्या पाण्यानं तोंड धुवायचं, टिपायचं, पुसायचं नाही, आणि बिनवासाचं साधं मलम लावायचं. बाकी सगळं बंद. टॉवेल टोचायचा. शबाना भाभींनी आपली जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली मलमलची ओढणी फाडून फडकी आणून दिली. "मालेगावची आहे, माझ्या माहेरची," त्या म्हणाल्या. "लोण्यासारखी झालीये बघा." त्या फडक्यांनी मला किती सुख दिलं, हे सांगायला शब्द नाहीत. दुपारी त्या येऊन नुसत्या बसायच्या, माझ्या तोंडाकडे बघत गप्पा मारायच्या. चेहऱ्याबद्दल चकार शब्द काढायच्या नाहीत.

कामावर परत गेले तेव्हा गेटवरच्या हजेरीच्या मशीनसमोर उभी राहिले. आमच्याकडे चेहरा दाखवून हजेरी लागते. मशीन म्हणालं, चेहरा जुळत नाही. पुन्हा उभी राहिले, पुन्हा तेच. मागे रांग वाढली. वॉचमन म्हणाला, "ताई, हसून बघा." हसले, तर गाल तडकला. शेवटी त्यानं माझी हजेरी हातानं लावली. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि रडण्यातल्या मिठानंही झोंबलं.

पण मशीनचं सोडा. घरातलं माणूस माझ्याकडे बघत नव्हतं, ते कुणाला सांगू?

हॉस्पिटलातून आल्यापासून हे माझ्या चेहऱ्याकडे बघेनात. कामावरून आले की अंघोळ, मग ताट घेऊन भिंतीकडे तोंड. माझ्याशी बोलायचं तर ऋतुजातर्फे. "मम्मीला विचार, लागतंय का." मी हातभर अंतरावर बसलेली असायचे! पोरगी आधी हसायची, मग तीही गप्प झाली. एकदा मला म्हणाली, "मम्मी, पप्पांना काय झालंय?"

मला काय माहीत? मी नाही नाही ते विचार करत बसायचे. किळस येत असेल का? की त्या दिवशी पोलिसांसमोर मान खाली घालायला लावली, त्याचा राग? बाटली फेकून दे म्हणाले होते, ऐकलं नाही, म्हणून? प्रत्येक कारण मला खरं वाटायचं आणि दुसऱ्या दिवशी खोटं वाटायचं. चेहऱ्याची आग कमी होत होती आणि ही वाढत होती.

एका संध्याकाळी माझा बांध फुटला. ह्यांच्या हातातलं ताट मी काढून घेतलं. "एवढी वाईट दिसते का मी? सांगा एकदाचं."

ह्यांनी भिंतीकडेच बघत सांगितलं, "तू नाय वाईट दिसत."

"मग?"

ह्यांनी उष्टा हात पुसला. मग म्हणाले, "तुझ्याकडं बघितलं की तो डॉक्टर दिसतो. बाहेर थांबा म्हणणारा. आधी लय राग आला मला त्याचा. आता वाटतं, बरोबरच होता तो. टाकलं नाय मी काही, पण सोडा कोणी थापला? तू ओरडत होतीस, तरी मी थापत राहिलो. मला वाटलं, ॲसिड मरतंय." त्यांनी दोन्ही हात उलटसुलट करून बघितले. "हेच हात ना?"

म्हणजे इतके दिवस मी वेगळ्याच गोष्टीचं दुःख करत होते. मी ताट परत दिलं. भाजी गार झाली होती, ती गरम करून आणली. त्या संध्याकाळी आमच्यात यापेक्षा जास्त काही झालं नाही, पण ताट घेताना ह्यांनी एकदा चोरून वर बघितलं.

तीच बाटली

काही महिने गेले. कातडी भरून आली. हजेरीच्या मशीननं एक दिवस काही कटकट न करता मला आत सोडलं. वांग मात्र होतं, पहिल्यापेक्षा जरा जास्तच. मॅडमनी भिंगातून बघितलं आणि म्हणाल्या, "आता हळूहळू लोशन परत सुरू करूया."

"कुठलं?" आम्ही दोघं एकदमच.

"तेच."

हे या वेळी उठून उभे राहिले नाहीत, पण खुर्चीची कड घट्ट धरली. मॅडमनी सावकाश सगळं सांगितलं आणि या खेपेला माझ्याकडून परत म्हणवून घेतलं. मी म्हटलं ते असं. पहिल्यांदा चेहऱ्याला लावायचंच नाही, जबड्याच्या कडेला कानाखाली थोडंसं लावून बघायचं. दोन दिवस काही झालं नाही, तर पुढे. आठवड्यातून एकच रात्र, ते जमलं तर महिन्याभरानं दोन, त्याच्या वर नाही. धुतलेला चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर, अगदी पातळ. डोळ्यांच्या, नाकाच्या, ओठांच्या कडा सोडून. त्यावर साधं मलम. स्क्रब नाही, लिंबू नाही, दुसरं कुठलं सिरम नाही, पार्लरमध्ये ब्लीच किंवा थ्रेडिंग असेल त्या आठवड्यात लोशन नाही. आणि सकाळी उन्हाचं क्रीम, कणकेसारखं दिसलं तरी.

"आणि लागलं तर?" हे मध्येच म्हणाले.

"चांगलं विचारलंत," मॅडम म्हणाल्या. "क्षणभर किंचित मुंग्या आल्यासारखं वाटलं, तर चालेल. जळजळलं, लाल झालं, की लगेच साध्या पाण्यानं धुवायचं आणि थांबायचं. झोंबणं म्हणजे गुण नाही. आणि दादा, सोडा नाही."

हे एवढेसे झाले. मग मॅडमच हसल्या आणि हेही हसले, कितीतरी दिवसांनी. निघताना मॅडम म्हणाल्या, "मी आता पेशंटना 'लागतंय का' असं विचारणंच सोडून दिलंय. जळजळतंय का, असं विचारते."

म्हणजे ॲसिड वाईट की चांगलं? येताना गाडीवर मी ह्यांना विचारलं. द्वारकेला तोच सिग्नल, तीच गर्दी. हे म्हणाले, "मला नाय माहीत. आमच्याकडं पण टाकीत पार्ट जास्त वेळ राहिला तर खराब होतो. मी त्याला विचारत नाय, लागतंय का म्हणून." मी माझी ओढणी चेहऱ्यावर नीट ओढून घेतली, कारण ऊन होतं.

त्या रात्री लोशन काढलं तर हे बेसिनपाशी गेले आणि साबणानं हात धुवायला लागले. कोपरापर्यंत, पुन्हा पुन्हा. मग येऊन समोर बसले. "आण. मी लावतो."

"तुम्ही?"

"मीच."

बोटाच्या टोकावर थेंबभर घेतलं. दिव्याच्या उजेडात त्यांनी माझी हनुवटी वर केली आणि माझ्याकडे बघितलं. चोरून नाही, भिंतीकडे तोंड करून नाही. सरळ. डागांकडे, सालींच्या खुणांकडे, सगळ्याकडे. मग जबड्याच्या कडेला बोट टेकवलं.

"लागतंय का?"

'नाही' ओठांवर आलंच होतं. ते नेहमी तयारच असतं. मी ते गिळलं आणि थांबले, नीट लक्ष देऊन बघितलं, आत काय होतंय ते. मुंग्या आल्यासारखं वाटत होतं का? नाही. मुंग्या नव्हत्या.

"हो," मी म्हणाले. "लागतंय. जळजळतंय."

हे क्षणात उठले, भाभींची मलमल साध्या पाण्यात भिजवली आणि हळू हळू तेवढी जागा टिपून काढली. पुन्हा भिजवली, पुन्हा टिपली. जळजळ थांबली. आज राहू दे, पुढच्या आठवड्यात बघू, असं ठरलं. पुढच्या आठवड्यात काही झालं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आता वांग थोडं फिकं झालंय, पुरतं जाईल की नाही माहीत नाही. पण मला राहून राहून ती पहिली रात्र आठवते. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि मला लागतंय, असं मी ह्यांना पहिल्यांदाच सांगितलं होतं.

हातातलं ओलं फडकं पिळत हे तेव्हा एवढंच म्हणाले, "मग सांगत जा ना असं."